धागा: मेलेल्या ढोरावरची हिरवी माशी आणि शेळीच्या जखमेतली माशी एकच असती का?

शेळीवाली_ताई (ता. वसमत)
नमस्कार मंडळी. आमच्याकडं उस्मानाबादी शेळ्या हायत. एकीच्या मागच्या मांडीला कुंपणाची तार लागली होती, हळद लावली होती. आज बघितलं तर जखमेला वास यायला आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळायल्यात. आसडी पडली म्हणतो आम्ही.

आता घरात वाद चाललाय. गावाबाहेर गायरानात एक बैल मरून पडलाय, त्याच्यावर हिरव्या माश्यांचं मोहोळ उठलंय. दीर म्हणतात तिथूनच माश्या येऊन आपल्या शेळीला बसल्या, पंचायतीनं बैल पुरला की सगळं बंद होईल. सासूबाई म्हणतात, "आमच्या काळात रोज ढोरं मरत होती, म्हणून काय दर शेळीत किडे पडत होते का?" दोघांत खरं कोण? आणि शेळीला काय करू ते बी सांगा.

ढोरडॉक्टर
ताई, वाद जरा बाजूला ठेवा, आधी शेळी.

जखमेभोवतीचे केस कातरून घ्या. टर्पेन्टाइन तेलात भिजवलेला कापसाचा बोळा जखमेत हलक्या हातानं बसवा आणि दहाएक मिनिटं थांबा. या अळ्या डोकं आत खुपसून मांस खातात आणि श्वास घेतात शेपटाकडच्या भोकांतून. ती भोकं बुजली की त्या वर सरकतात. मग चिमट्यानं एकेक काढायची. बोळा घातला, चार अळ्या पडल्या, झालं काम, असं करू नका. वरून इवलीशी दिसणारी जखम आत खिशासारखी पोकळ असती, पार तळापर्यंत बघा. नंतर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुवा, आयोडिन लावा आणि कडेनं माशी बसू नये म्हणून मलम किंवा फवारा मारा. रोज उघडून बघायचं. जखम खोल असेल तर डॉक्टरकडून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घ्या, वजनावर मात्रा ठरती, त्यामुळं स्वतः टोचू नका. इंजेक्शननंतर दूध किती दिवस वापरायचं नाही तेही तिथंच विचारा.

काढलेल्या अळ्या तिथंच मातीत झटकू नका. पूर्ण वाढलेली अळी एकदा मातीत शिरली की तिचा कोष होतो आणि आठवड्याभरात नवी माशी बाहेर. उकळत्या पाण्यात किंवा रॉकेलच्या डब्यात टाका.

आता वादाचं. सासूबाईंचं पारडं जड आहे. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता दोन गाई बघायच्यात.

रानमाणूस
सीताफळाच्या बिया वाटून भरा ताई. आमच्या धारूरकडं बालाघाटात सीताफळाला काय तोटा? बिया वाळवायच्या, कुटायच्या, तेलात कालवून लावायच्या. एका दिवसात अळ्या बाहेर.

ढोरडॉक्टर
रानमाणूसभाऊ, बियांत कीटक मारणारा अर्क असतो हे खरं. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, माणसाच्याही आणि जनावराच्याही. डोळ्याजवळ, शिंगाच्या बुडाशी, कानात कधीच नको. मांडीच्या जखमेला टर्पेन्टाइन हाताशी असताना तो उद्योग कशाला?

आणि हात जोडून एक विनंती. पिकावर टाकायची दाणेदार विषारी औषधं जखमेत भरणारे लोक मी पाहिलेत. अळ्या मरतात हो, पण विष रक्तात उतरून जनावरही तोंडाला फेस आणून आडवं होतं. पेट्रोल, बॅटरीचं पाणी यांचंही तेच. मांस जळतं, जखम वाढती आणि जळलेल्या मांसाच्या वासावर नवी माशी येती.

सूक्ष्मदर्शी (परभणी)
डॉक्टर गाईंकडं गेलेत तोवर माश्यांचं मी सांगतो. कीटकशास्त्र शिकलोय, आणि या कुटुंबावर माझा जरा जीव आहे, त्यामुळं लांबलं तर समजून घ्या.

हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या ज्या माश्या आपण एका नावानं ओळखतो, त्या कॅलिफोरिडी या एकाच कुळातल्या असल्या तरी जाती वेगळ्या आणि पोट भरायच्या तऱ्हा तर फारच वेगळ्या. आपल्या भागात चार ध्यानात ठेवा.

पहिली क्रायसोमिया मेगॅसेफाला. अंगानं दांडगी, डोळे लालभडक, डोकं धडाच्या मानानं मोठं. मासळी बाजार, मेलेलं जनावर, आंब्याची साल, उघड्यावरची घाण, ती सगळीकडं असते. तिची पिल्लावळ मेलेल्या मांसावर आणि विष्ठेवर वाढते. दुसरी क्रायसोमिया रुफिफेसिस, हिच्याकडं परत येतो. तिसरी ल्युसिलिया, अंगानं थोडी लहान, तांब्या-पितळेसारखी झाक. आणि चौथी क्रायसोमिया बेझियाना. ताईंच्या शेळीत बहुतेक हीच असणार.

सगळा फरक अळी काय खाते यात आहे. मेगॅसेफालाच्या अळीला मेलेलं चालतं. बेझियानाच्या अळीला मेलेलं चालतच नाही, तिला जिवंत, गरम रक्ताच्या प्राण्याचं मांस लागतं. गायरानातल्या बैलावर तिची पैदास होऊच शकत नाही. पॅटन नावाच्या संशोधकानं भारतातल्या या माश्यांवर लेखमाला लिहिली, तिचा पहिला भाग १९२० साली आला आणि तो पूर्णपणे हिच्यावरच होता. म्हणजे आपल्या देशात माणसाच्या आणि जनावराच्या जखमेत अळ्या कोण टाकतं याची ओळख शंभर वर्षं जुनी आहे, आणि तरी गावोगाव बोट मेलेल्या बैलाकडंच जातं.

तिची रीत अशी. मादी जखमेच्या कडेला, कोरड्या भागावर, साधारण १५० ते २०० अंडी एकमेकांना चिकटवून पांढऱ्या पापुद्र्यासारखी घालते. जास्त करून दुपार कलल्यावर. मोठी जखमच लागते असं नाही, गोचीड चावलेली जागाही पुरते. दिवसभरात अंडी फुटतात, अळ्या घोळक्यानं आत शिरतात आणि सहा-सात दिवस खातात. त्या खाण्यानं जो वास सुटतो त्यावर आणखी माद्या येतात. पोट भरलं की अळ्या खाली पडून मातीत जातात. अंड्यापासून अंड्यापर्यंत तीन आठवड्यांचा फेरा धरा.

शेळीवाली_ताई
बाई बाई. गोचीड चावलेली जागा सुद्धा?
बोळा घातला होता. मोजल्या नाहीत पण वाटीभर निघाल्या असतील. दिरांना तुमचं लिखाण वाचून दाखवलं, ते म्हणायले, "मग बैलावरच्या माश्या जखमेवर बसतच नाहीत का? मी डोळ्यानं बघितल्या."

सूक्ष्मदर्शी
बसतात ना. दिरांनी बघितलं ते खोटं नाही. बेझियानानं जखम उघडी केली, आतलं थोडं मांस सडलं, पू झाला, की मग ल्युसिलिया आणि मेगॅसेफालाही येतात आणि सडक्या भागावर अंडी टाकतात. त्या मागाहून येणाऱ्या. शिवाय पूर्ण वाढलेल्या माशीला स्वतःच्या पोटासाठी जखमेतलं पाणी प्यायलाही आवडतं. बैल पुरल्यानं या मागाहूनच्या माश्या कमी होतील, तेवढाच फायदा. पहिली अंडी टाकणारी त्यानं थांबणार नाही, कारण ती बैलातून आलेली नाही. ती आली दुसऱ्या कुठल्या तरी जिवंत जनावराच्या जखमेतून. गावात मोकाट कुत्र्याच्या कानामागं, एखाद्या वळूच्या खांद्यावर किडे पडलेत का ते बघा.

चौकस_बाळू
सर एक विचारू का. अळीचं कळलं. पण मोठी माशी नुसती घाणच खाती का? कारण आमच्या गुऱ्हाळात काहिलीजवळ हिरव्या माश्या लई असतात. तिथं तर काही मेलेलं नसतं. 😅

सूक्ष्मदर्शी
बाळू, लाख मोलाचं विचारलंस. मोठ्या माशीला उडायला साखर लागते. फुलातला मध, माव्याची गोड चिकट लस, फुटलेलं फळ, तुझ्या काहिलीचा रस. नुसत्या साखरेवर ती आठवडेच्या आठवडे जगते. मादीला अंडी पिकवायची असली की मात्र प्रथिनं लागतात, तेव्हा ती मांस, पू, शेण, विष्ठा यांच्याकडं वळते. म्हणजे एकच माशी सकाळी मोहरावर आणि दुपारी मेलेल्या कुत्र्यावर दिसू शकते. तीच संध्याकाळी तुझ्या भाकरीवर बसते, म्हणून ताट झाकायचं. तिच्या पायांवर आणि पोटात जंतू आणि जंतांची अंडी येतात.

तिला चावता येत नाही. तोंडाला स्पंजासारखी गादी असते, तिनं ती फक्त पातळ टिपते. गुळाचा खडा असेल तर आधी त्यावर लाळ टाकून विरघळवते. आणि चव घेते पायांनी! अमेरिकेत व्हिन्सेंट डेथियर यांनी या कुळातल्या एका काळ्या माशीवर वर्षानुवर्षं काम केलं. माशीचा पाय साखरेच्या पाण्याला लागला की सोंड आपोआप खाली येते. पाय साध्या पाण्यात आणि माशी तहानलेली नसेल तर सोंड हलत नाही. मग तिचं पोट भरल्याचं तिला कळतं कसं? आतड्याच्या सुरुवातीला ताण ओळखणारी व्यवस्था असते आणि तिथून मेंदूकडं एक नस जाते. डेथियर आणि बोडेनस्टाइन यांनी १९५८ च्या सुमारास ती नस कापून पाहिली, तर माशी थांबेचना. पोट फुगून फुटेस्तोवर पीत राहिली.

अंबाजोगाईकर
ही नस आमच्या पंगतीत बऱ्याच जणांची कापलेली असते. 😄

चौकस_बाळू
आणि सर, ती तोंडातून थेंब काढती आणि परत आत घेती, ते काय? मी उन्हाळ्यात लई बघितलंय.

सूक्ष्मदर्शी
निरीक्षण भारी आहे तुझं. त्याची कारणं दोन-तीन सांगतात. पातळ अन्नातलं जास्तीचं पाणी उडवून ते घट्ट करणं हे एक. दुसरं आपल्या मराठवाड्याच्या कामाचं: ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मेगॅसेफालावरच दाखवलं की थेंब बाहेर काढला की त्यातलं पाणी उडून तो गार होतो, तो आत ओढला की माशीचं डोकं आणि अंग काही अंशांनी उतरतं. आपल्या माठाचीच युक्ती. तरीही ४२-४३ अंशांच्या मे महिन्यात या माश्या दुपारी सावलीला दडतात, सकाळ-संध्याकाळ तेवढ्या दिसतात. खरा सुकाळ पहिल्या पावसानंतर. माती ओली, हवा दमट, जनावरं चिखलात, खुरं भिजलेली. ताईंच्या शेळीला हे आत्ताच व्हावं यात नवल नाही.

जुनं_खोड
पूर्वी हा प्रश्नच नव्हता हो. ढोर मेलं की गावकीतली माणसं ओढून न्यायची, कातडं काढायची, आणि गिधाडं तासाभरात सांगाडा करायची. सगळी व्यवस्था होती. ती मोडली आणि आता ही घाण.

बालाघाटी
काका, तुम्ही वडीलधारे आहात म्हणून जपून बोलतो. ती "व्यवस्था" कोणाच्या डोक्यावर होती? एका जातीच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायची आणि बदल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे घ्यायचे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी हे काम सोडा म्हणून सांगितलं, आणि माणसांनी सोडलं ते झक्क केलं. ज्याचं ढोर त्यानं विल्हेवाट लावावी आणि गावाच्या जागेत पडलं असेल तर ग्रामपंचायतीनं. जेसीबी विहिरी खांदायला येतो तर खड्डा काढायला का येत नाही?

गिधाडांचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. ती माणसानंच मारली. ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे, ते ढोर मेलं की मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरायला लागले, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीहून मोठी कुपी बंद केली. २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम चालतं, गिधाडाला त्यानं धोका नाही. डॉक्टरसाहेब, बरोबर ना?

ढोरडॉक्टर
बरोबर. आणि मेलॉक्सिकॅम महागही नाही. पशुपालकांनीच मागून घ्यावं.

गिधाडं गेल्यावर मेलेलं ढोर कोणाच्या वाट्याला गेलं? कुत्र्यांच्या आणि माश्यांच्या. पिसाळलेल्या कुत्र्यांचा विषय वेगळा आणि मोठा आहे, इथं नको. माश्यांचं एवढंच सांगतो की बैल उघड्यावर ठेवायचा नाही हे मी कालही म्हणत होतो, आजही म्हणतो. खोल खड्डा, सहा फूट तरी, वर चुना, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. फक्त बैल पुरला म्हणून शेळीची जखम न बघता झोपायचं नाही.

सूक्ष्मदर्शी
इथं एक गोष्ट राहवत नाही म्हणून. पुरायच्या आधी तो बैल लांबून, नाकाला रुमाल लावून जरा बघा. मेल्यावर काही मिनिटांत पहिल्या माश्या येतात. डोळे, नाकपुड्या, तोंड अशा मऊ जागी अंडी. तीनेक दिवसांत अळ्यांचा असा घट्ट गोळा होतो की त्याचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त चढतं. हात जवळ नेला तर वाफ लागते. प्रत्येक अळी तोंडातून पाचक रस सोडते. एकटीच्या रसानं काही होत नाही, हजारोंच्या रसानं मांस पातळ होतं, मग सगळ्या पितात. म्हणून त्यांना गर्दी लागते.

आणि आता रुफिफेसिस, मी परत येतो म्हणालो होतो ती. ती जरा उशिरा येते. हिच्या अळीच्या अंगावर मांसल काटे असतात, केसाळ दिसते. मांस पुरलं तर मांस खाते, नाही पुरलं तर शेजारच्या मेगॅसेफालाच्या अळीला विळखा घालून तिच्यात तोंड खुपसते. बैलावर अळ्याच अळ्यांना खातात. आणखी एक नवल, हिची एक मादी सगळ्या मुलीच घालते, तर दुसरी सगळे मुलगेच. मिसळ नाही. कोणती मादी काय घालणार हे तिच्या जन्मापासूनच ठरलेलं असतं.

बाकी मुंग्या अंडी पळवतात, आणि कातडं-हाडं उरली की कातडी किडे येतात, ते आता सोडतो.

केसरबाग (जि. बीड)
तुम्ही सगळे माश्या मारायला निघालात, पण मला त्या पाहिजेत हो! 🙂

माझी केसरची बाग आहे. आमच्या मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं फळ धरत नसतं. जानेवारीत मोहर भरगच्च येतो आणि मधमाशी म्हणावी तेवढी फिरकत नाही. मोहरावर बारकाईनं बघितलं तर निम्म्याहून जास्त गर्दी माश्यांची, त्यात ही हिरवी पण. तैवानमध्ये आंबा बागायतदार सडके मासे ठेवून मुद्दाम मेगॅसेफाला वाढवतात, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडंही बागेत सडकं मांस टांगतात, असं वाचलं होतं. खरं आहे का सर? असेल तर मी सुकट आणून टांगतो. घरचे मला घराबाहेर काढतील ते सोडा.

सूक्ष्मदर्शी
खरं आहे. आंब्याचं फूल बारीक आणि उघडं असतं, मध लगेच मिळतो, त्यामुळं आखूड सोंडेच्या माशीला ते सोयीचं. तिच्या अंगावरच्या राठ केसांना पराग चिकटतात. संकरित कांदा-गाजराच्या बीजोत्पादनातही जाळीच्या पिंजऱ्यात याच कुळातल्या माश्या सोडायची पद्धत जगात आहे, कारण बंद जागेत मधमाशी कावते आणि माशी कावत नाही.

पण सुकट टांगायच्या आधी एक करा. मोहर फुललेला असताना तुडतुडे आणि भुरीसाठी जो फवारा मारता, तो बघा. फुलोऱ्यात दिवसाढवळ्या कीटकनाशक मारलं तर मधमाशीही मरते, माशीही मरते, आणि मग आपण म्हणतो फळ धरत नाही. फवारणी मोहर फुलायच्या आधी उरका. तेवढ्यानं फरक पडला तर सुकट कढईतच बरी. टांगलीच, तर वस्तीपासून आणि गोठ्यापासून लांब, आणि फळ धरल्यावर काढून पुरून टाका. शेजाऱ्याशी भांडण झालं तर माझं नाव घेऊ नका.

केसरबाग (जि. बीड)
फुलोऱ्यातली फवारणी बंद करून बघतो या वर्षी. दुकानदार तर दर आठ दिवसाला मारा म्हणतो.

अंबाजोगाईकर
वैद्यकीयला आहे, माणसांचं थोडं सांगतो. हे शेळीलाच होतं असं समजू नका. नाक आतून सुकून खपल्या धरणारे म्हातारे रुग्ण, मधुमेहानं पायाची जाणीव गेलेले, लकव्यानं अंथरुणाला खिळलेले, यांच्या नाकात आणि जखमेत अळ्या पडलेल्या कान-नाक-घशाच्या विभागात येतात. नाकातून रक्त, घाण वास, डोळ्याखाली सूज आणि "नाकात काहीतरी चालतंय" असं म्हातारं माणूस म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. नाकातून वर डोळ्याकडं आणि मेंदूकडं वाट जाते. लाजेपायी घरात ठेवलेले लोक उशिरा येतात.

उलट बाजू पण आहे. ल्युसिलिया सेरिकाटा या जातीच्या निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या डॉक्टर मुद्दाम जखमेवर ठेवतात. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकी डॉक्टरांनी रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या अळ्या पडलेल्या जखमा आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ पाहिल्या. पुढं त्यांनी हाडांच्या जुनाट जखमांवर उपचार केले, १९३१ मध्ये लेख आला. अमेरिकेत २००४ मध्ये रीतसर मान्यताही मिळाली. कारण वर सरांनी सांगितलं तेच, ही अळी सडलेलं खाते आणि जिवंत मांसाला जवळपास हात लावत नाही. तिथं बेझियाना ठेवली असती तर पाय गेला असता. म्हणून घरी बसून "अळ्या चांगल्या असतात म्हणे" असलं काही करायचं नाही!

न्यायवैद्यकातही याच माश्या कामाला येतात. चीनमध्ये १२४७ साली सोंग त्झु या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय: विळ्यानं खून झाला, गावातले सगळे विळे जमिनीवर मांडले, माश्या एकाच विळ्यावर जमल्या. पुसलेल्या रक्ताचा वास माणसाला येत नव्हता, माशीला येत होता. आज अळी कोणत्या जातीची, किती वाढलेली आणि त्या दिवसांत ऊन किती होतं यावरून मृत्यूची वेळ काढतात.

चौकस_बाळू
मग सरकार ही बेझियाना एकदाची संपवत का नाही?

सूक्ष्मदर्शी
तिच्या अमेरिकेतल्या बहिणीला संपवलं होतं. तिचंही जिवंत मांसावरच पोट. निपलिंग आणि बुशलँड या दोन अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी हेरलं की मादी आयुष्यात बहुधा एकदाच जुगते. मग कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, किरणोत्सर्गानं वांझ करायच्या आणि विमानातून सोडायच्या. वांझ नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत. १९५४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर हे जमलं, १९६६ मध्ये अमेरिकेनं आपला देश मुक्त जाहीर केला. १९८८ मध्ये तीच माशी लिबियात पोचली तेव्हा मेक्सिकोतल्या कारखान्यातून वांझ माश्या विमानानं नेऊन तिथूनही घालवली. पण २०२४ मध्ये ती मेक्सिकोत परत दिसली. ढिलाई झाली की येते.

बेझियाना आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलीय, बरीचशी जमीन सलग आहे, जनावरांची ये-जा थांबत नाही. एका जिल्ह्यातून घालवली तर शेजारच्या जिल्ह्यातून येणार.

रानमाणूस
२०१९ ला संभाजीनगरहून विमानं उडवून कृत्रिम पाऊस पाडायचा घाट घातला होता. आता विमानातून माश्या सोडणार म्हणल्यावर आमचं गाव दगडं घेऊनच उभं राहील. 😂

बालाघाटी
आणि वांझ माश्यांचं टेंडर कोणाला मिळालं यावर दुसरा धागा निघेल.

शेळीवाली_ताई
जखम आज लाल दिसायली, वास नाही. शेजारच्या कुत्र्याच्या कानात किडे निघाले, सूक्ष्मदर्शी सर म्हणाले तसं. दिरांनीच ते धरून आणलं आणि साफ केलं, वर म्हणतात मी आधीपासून हेच म्हणत होतो. बैलाचं ग्रामसेवकांना सांगितलंय, बघू जेसीबी कधी येतो.
डॉक्टरसाहेब, दोन शेळ्या या महिन्यात व्यायच्या हायत. करडांना धोका हाय का?

ढोरडॉक्टर
आहे, नाळेला. ओली नाळ म्हणजे बेझियानाला आमंत्रण. करडू पडलं की नाळ बोटभर ठेवून स्वच्छ दोऱ्यानं बांधा, निर्जंतुक ब्लेडनं कापा, टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा आणि सुकेपर्यंत रोज लावा. व्यालेल्या शेळीचं मागचं अंगही बघत जा, वार अडकली किंवा फाटलं असेल तर तिथंही अंडी पडतात. खच्ची करणं, शिंगं जाळणं, बिल्ला टोचणं ही कामं पावसाळ्यात काढूच नका, हिवाळ्यावर ढकला. लाळ्या-खुरकुताची लस चुकवू नका, खुरांच्या फटीतली जखम या माशीला फार आवडते.

अडचण आली तर १९६२ वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. वसमतकडं गाडी येते का ते आत्ताच विचारून ठेवा, शेळी अडल्यावर नको.

जुनं_खोड
टर्पेन्टाइन कुठं मिळतं? आमच्या मेडिकलवाल्यानं रंगाच्या दुकानात पाठवलं.

ढोरडॉक्टर
रंगात मिसळायचं नको काका, त्यात काय काय घातलेलं असतं. जनावरांच्या औषधाच्या दुकानात "टर्पेन्टाइन तेल" म्हणूनच मागा, आणि बाटलीवरचं वाचून घ्या.